नाल, नालबंद आणि वाट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहासावरील भाषण म्हटले की राजे, लढाया, तह आणि वंशावळी यांची अपेक्षा असते. आणि मी तर आज घोड्याच्या पायाखालील तळहाताएवढ्या लोखंडाविषयी बोलणार आहे. परंतु पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविताना मला पुष्कळदा असे वाटत आले की, घोड्यावर बसलेल्या माणसाची जन्मतिथी आपण मुलांकडून पाठ करून घेतो, पण तो घोडा कशाच्या आधाराने उभा होता हे मात्र कधी विचारीत नाही. ती उणीव आज थोडीशी भरून काढण्याचा माझा विचार आहे.

हा विषय मला सुचला माथेरानला. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही शांती नगरातील चार-पाच निवृत्त मंडळी तेथे गेलो होतो. भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांची फरसबंदी केलेल्या वाटेने चालत असता आमच्यापुढची एक घोडी उतारावर एकाएकी घसरली. तिचे मागले दोन्ही पाय पुढे सरकले, क्षणभर ती बसल्यासारखी झाली आणि मग धडपडत उभी राहिली. तिच्या पाठीवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. घोडेवाल्याने तिला वेळीच सावरले, म्हणून अनर्थ टळला. मी त्या गृहस्थाला सहज म्हणालो की, घोडीचे नाल झिजलेले दिसतात. त्याने काही न बोलता घोडीचा पाय उचलून मला दाखविला. नाल नवा होता, खिळे घट्ट होते, खूर नीट तासलेला होता. मग तो म्हणाला ते एवढेच, की नाल पूर्वीचाच आहे, वाट पूर्वीची राहिलेली नाही.

त्या म्हाताऱ्या घोडेवाल्याचे हे बोलणे माझ्या मनातून जाईना. नालाच्या इतिहासाचे अर्धेअधिक सार त्यात आले आहे, असे मला पुढे पुस्तके चाळताना दिसून आले. नाल म्हणजे घोड्याला घातलेला जोडा, आणि जोडा घातला की पाय घसरत नाही, अशी आपली साधी समजूत असते. वस्तुतः नाल हा खूर आणि वाट या दोहोंमधील करार आहे. दोहोंपैकी एक पक्ष बदलला की करार मोडतो, आणि त्याचा दंड मुक्या जनावराला भरावा लागतो.

प्रथम खुराचा विचार करू. घोड्याचा खूर म्हणजे मूळचे नखच होय. घोडा आपल्या प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो, आणि त्या बोटाच्या नखाने सबंध टोक वेढून घेतलेले असते. हे नख महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे कमी वाढते. आपल्या नखाच्या टोकाप्रमाणे खुराच्या बाहेरील भिंतीलाही संवेदना नसते, म्हणूनच तीत खिळा मारता येतो. परंतु ही भिंत पातळ असते. खिळा रेसभर आत गेला तर तो जिवंत मांसात शिरतो, आणि घोडा लंगडा होतो. नालबंदाचे सारे कसब त्या रेसभर अंतरात आहे.

माळरानावर मोकळ्या फिरणाऱ्या घोड्याचा खूर जितका वाढतो तितकाच झिजतो, आणि त्याला नालाची गरज भासत नाही. परंतु माणसाने त्याच्या पाठीवर ओझे ठेवले, त्याला कठीण रस्त्यावरून दररोज मैलोगणती चालविले, की झीज वाढीच्या पुढे जाते. शिवाय ओलाव्याने खूर मऊ पडतो आणि कोरड्या हवेत तो टणक होतो. देशावरच्या कोरड्या खडकाळ मुलखात वाढलेले तट्टू आणि कोकणच्या चिखलात चार महिने उभे राहिलेले तट्टू यांच्या खुरांत म्हणूनच फरक पडतो.

प्राचीन ग्रीकांना ही अडचण ठाऊक होती, पण उपाय निराळा होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. तबेल्याबाहेरील अंगणात मुठीएवढे गोल दगड पसरावे आणि घोड्याला त्यांवर उभे करावे, म्हणजे त्याचे खूर आपोआप कठीण होतील, असा सल्ला त्यात आहे. पुढे रोमन लोक घोड्यांच्या पायांत लोखंडी तळाच्या वहाणा बांधीत. त्या दोरीने किंवा वादीने आवळलेल्या असत, आणि दौड करताना निसटत. खिळ्यांनी ठोकलेला लोखंडी नाल युरोपात सर्वत्र रूढ झाला तो नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास आणि त्यानंतर. साम्राज्ये आली आणि गेली, पण ही साधी वाटणारी वस्तू सार्वत्रिक व्हावयास इतका काळ लागला.

आता आपल्या दाराशी येऊ. मी राहतो तो शांती नगरचा परिसर इमारती होण्यापूर्वी मिठागरांचा आणि खाजणांचा होता. येथून थोड्याच अंतरावर खाडीकाठी घोडबंदर आहे. घोडबंदरच्या नावाची पाटी लावलेल्या बसमध्ये आपण रोज चढतो, पण त्या नावातील घोड्याकडे आपले लक्ष जात नाही. समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार या बंदरात चाले, त्यावरून हे नाव पडले, असे परंपरेने सांगतात. पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधला, आणि १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला.

घोड्यांचा हा समुद्रमार्गे व्यापार फार जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने ठाण्याच्या राज्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली आहे. तो सांगतो की, या किनाऱ्यावरील समुद्री चाच्यांशी तेथील राजाचा करार होता. लुटीतील बाकी माल चाच्यांनी खुशाल घ्यावा, घोडे मात्र सगळे राजाला द्यावे. आपल्या ठाण्याच्या राजाने चाच्यांशी संगनमत करावे, याचे आज वाईट वाटेल. पण घोड्यासाठी राजे किती आसुसलेले होते, हे यावरून कळते.

याच प्रवाशाने तमिळ किनाऱ्याविषयी जे लिहिले आहे ते याहून मार्मिक आहे. तेथील राजे इराणच्या आखातातून आणि अरबस्तानातून दरसाल हजारो घोडे मोठी किंमत देऊन आणवीत, आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही जिवंत उरत नसत. कारण घोड्याची निगा कशी राखावी हे तेथे कोणाला माहीत नव्हते आणि नालबंद मुळीच नव्हते. हे घोडे विकणारे व्यापारी स्वतः नालबंद आणीत नसत, इतकेच नव्हे, तर दुसरा कोणी नालबंद तिकडे जाऊ लागला तर त्यालाही अडवीत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी विकत कोण घेणार, असा त्यांचा हिशेब होता. श्रोतेहो, व्यापाराच्या इतिहासात युक्त्या पुष्कळ आहेत, पण माल विकावयाचा आणि तो टिकविण्याची विद्या दडवून ठेवावयाची, ही युक्ती आपल्याही काळात अगदीच अनोळखी वाटत नाही.

ही गोष्ट मनात ठेवून आपण सतराव्या शतकाकडे वळलो, म्हणजे शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेतील एका बारीकशा कलमाचे महत्त्व ध्यानात येते. महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्यांना सरकारातून घोडा आणि हत्यार मिळे ते बारगीर, आणि जे स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येत ते शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी पागेची रचना सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. ती आपण शाळेत शिकविली. परंतु त्याच बखरीत आणखी एक गोष्ट आहे, ती बहुधा आपण गाळतो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी पाणी पुरवी, नालबंद पाय सांभाळी.

मी जुना मास्तर असल्यामुळे मला हिशेब केल्यावाचून राहवत नाही. पंचवीस घोड्यांचे खूर शंभर. नाल साधारणतः दीड महिन्याने काढून, वाढलेला खूर तासून, पुन्हा ठोकावा लागतो. म्हणजे एका नालबंदाच्या वाट्याला दिवसाकाठी दोन-तीन खूर येतात. छावणी स्वस्थ असता हे काम हलके आहे. पण दौड चालू झाली, दगडधोंड्यांत नाल निखळू लागले, की हाच माणूस रात्रभर मशालीच्या उजेडात घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसणार. ज्याने पंचविसांचे प्रमाण ठरविले त्याने शांततेच्या काळाकडे पाहून ते ठरविलेले दिसत नाही. त्याची दृष्टी घाटातील वाटेवर होती.

शिलेदारांच्या बाबतीतही हेच. मोहिमेपूर्वी शिलेदारांना तयारीसाठी सरकारातून जी आगाऊ रक्कम मिळे तिला ‘नालबंदी’ असे नाव होते. त्या पैशात केवळ नाल ठोकले जात असे नव्हे. घोड्याची आणि स्वाराची एकंदर तयारी त्यात येई. परंतु सर्व खर्चाला नाव मिळाले ते नालाचे. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे, तर चार महिने पावसात आणि दावणीला राहून मऊ पडलेल्या खुरांखाली आधी लोखंड पाहिजे, हे त्या लोकांना कळत होते. ‘नालबंद’ हे आडनाव महाराष्ट्रात आजही आढळते. त्या आडनावामागे मराठी फौजेच्या हालचालींचा केवढा भाग आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच असते.

या दूरदृष्टीची किंमत पाहावयाची असेल तर तिचा अभाव कोठे नडला हे पाहावे. १८१२ साली नेपोलियनची फौज मॉस्कोहून परत फिरली. थंडीने आणि उपासमारीने तिची दैना झाली हे सर्वश्रुत आहे. परंतु नेपोलियनचा अश्वशालाधिपती कोलेंकूर याने आपल्या आठवणींत आणखी एक कारण ठासून सांगितले आहे. फौजेच्या बहुतेक घोड्यांना बर्फावर रुतणारे टोकदार नाल नव्हते. गुळगुळीत बर्फाच्या उतारांवर घोडे पडत, पुन्हा उठू शकत नसत, आणि त्यांच्यामागे तोफा व गाड्या सोडून द्याव्या लागत. कोलेंकूरने बादशहाच्या खाशा पागेतील घोड्यांना असे नाल वेळेवर ठोकून घेतले होते, आणि त्या घोड्यांनी तग धरला. युरोप जिंकणाऱ्या सेनापतीला रशियातील वाट कशी आहे हे ठाऊक नव्हते असे नाही. ती वाट नालबंदाला वेळीच सांगण्याचे मात्र राहून गेले.

येथे नाल घसरण कशी थांबवितो, याचा थोडा खुलासा केला पाहिजे. साध्या नालाच्या खालच्या अंगाला कडेने एक खाच असते. तिच्यात खिळ्यांची डोकी बसतात आणि रेतीमाती भरून राहते, त्यामुळे जमिनीशी पकड येते. मऊ जमिनीत नालाची कड रुतते. अधिक पकड हवी असल्यास नालाची मागली दोन टोके खाली वळवून लहान टाचा करतात. बर्फासाठी टोकदार खिळे वापरतात. शर्यतीच्या घोड्यांना हिरवळीवर धावावयाचे असते, म्हणून त्यांना अॅल्युमिनियमचे हलके, पातळ नाल लावतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य शहरांत नाल आणि खूर यांच्यामध्ये रबराच्या गाद्याही बसवू लागले.

मग सर्वांत जास्त पकड देणारा नाल सर्वच घोड्यांना का ठोकू नये? येथेच घोडे पेंड खाते. घोड्याचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा तो किंचित पुढे सरकतो, आणि त्या सरकण्यात टापेचा धक्का जिरतो. खूर जागच्या जागी खिळला तर तोच धक्का घोट्यात आणि सांध्यांत जातो. वळताना पाय फिरत नाही, पण वरचे शरीर फिरते, आणि स्नायुबंध दुखावतात. म्हणून चांगला नालबंद घोड्याला मुळीच घसरू न देणारा नाल शोधीत नाही. जितके सरकणे पायाच्या हिताचे तितकेच सरकू देणारा नाल तो शोधतो. आणि हे प्रमाण जमिनीवर अवलंबून असल्यामुळे, वाट पाहिल्याशिवाय त्याला नाल घडविता येत नाही.

आता वाटेकडे वळू. आपल्या जुन्या घाटवाटांवर आडवे दगड बसवून रुंद टप्पे केलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. चढताना खुराचे टोक त्या दगडाला अडते आणि उतरताना टाच टेकते. ही वाट पायाची होती, मग तो पाय माणसाचा असो, बैलाचा असो वा घोड्याचा असो. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीचा रस्ता खुला झाला, आणि चाक सह्याद्री चढू लागले. ही मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु चाक आणि खूर यांच्या मागण्या परस्परांविरुद्ध असतात. चाकाला वाट जितकी गुळगुळीत मिळेल तितकी हवी, आणि खुराला ती खरबरीत हवी. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत रस्त्यांचा जो इतिहास घडला, त्यात एकंदरीत चाकाची सरशी झाली.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत एक मार्ग, आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस दुसरा. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते आणि तिकिटे छापलेली नव्हती. डबा एक किंवा दोन घोडे ओढीत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक अगदी हलके फिरते, म्हणूनच माणसांनी भरलेला डबा एक-दोन घोड्यांना ओढवे. परंतु ज्या लोखंडाने चाकाचे काम सोपे केले तेच लोखंड घोड्याच्या पायाखाली आले की घातक होते. रुळ ओलांडताना, विशेषतः पावसात, लोखंडी नाल लोखंडी रुळावर पडला तर पकड राहत नाही. एकाच रस्त्यावर चाकासाठी रुळ आणि खुरासाठी मधली जमीन, अशा दोन वाटा शेजारी शेजारी चालत होत्या.

या कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. कुलाब्याच्या रस्त्यावर ज्या ठिकाणी आज इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे, तेथे कंपनीचे ठाणे होते. पुन्हा माझा हिशेब ऐकावा. ९०० घोडे म्हणजे ३,६०० खूर. दर दीड महिन्याला प्रत्येकाचे नाल बदलावयाचे म्हटले, तर आठवड्याला ६०० आणि सुटीचा वार सोडून दिवसाला १०० नाल होतात. एका नालाला सात-आठ खिळे धरले, तर रोजचे सात-आठशे खिळे, आणि त्यांतला एकही जिवंत मांसात जाता कामा नये. सकाळी कचेरीत निघालेला कारकून डब्यात बसून वर्तमानपत्र उघडी, तेव्हा ऐरणीजवळ बसून त्याच्या वेळापत्रकाची काळजी घेणारी माणसे त्याला दिसत नसत. घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. त्यानंतर त्या नालबंदांचे काय झाले, याची चौकशी इतिहासाने केलेली नाही.

याच सुमारास लंडनमध्ये एका अभियंत्याने रस्त्याकडे घोड्याच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला होता, त्याचा उल्लेख केला पाहिजे. १८७३ साली लंडन शहराचे अभियंते कर्नल विल्यम हेवुड यांनी, कोणत्या रस्त्यावर घोडा सरासरी किती मैल चालल्यावर एकदा पडतो, याची मोजणी करविली. ग्रॅनाइटच्या दगडी फरसबंदीवर १३२ मैल, डांबरी रस्त्यावर १९१ मैल, आणि लाकडी ठोकळ्यांच्या रस्त्यावर ३०० मैलांहून अधिक, असे आकडे निघाले. याहूनही उपयुक्त निष्कर्ष असा की, प्रत्येक रस्त्याची घसरण निरनिराळ्या हवेत वाढते. दगड कोरडा असता जास्त घसरडा होतो, आणि डांबर नुसते दमट असता. भरपूर पावसाने धुतलेल्या डांबरापेक्षा दोन-चार थेंब पडलेले डांबर अधिक धोक्याचे. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीत ज्यांनी दुचाकी चालविली आहे, त्यांना हे हेवुडसाहेबांकडून शिकण्याची गरज नाही.

मुंबईचे रस्ते डांबरी झाले, पुढे सिमेंटचेही झाले, आणि त्यांवर व्हिक्टोरिया मात्र धावत राहिली. माझ्या लहानपणी सुटीत मुंबईला आलो की बोरीबंदराबाहेर घोड्यांच्या टापांचा आवाज ऐकू येई. तो टणत्कार आम्हां मुलांना फार आवडे. आज वाटते की, तो आवाज म्हणजे कठीण रस्त्याने परतविलेला धक्काच होता, आणि तो घोड्याच्या सांध्यांत जिरत होता. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या आणि त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. पुढे २०२१ साली तशाच आकाराच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांच्या चाकांना डांबर मानवते.

आता पुन्हा माथेरानला जाऊ. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण प्रकाशात आणले, आणि तेव्हापासून तेथील व्यवहार मुख्यतः पायांवर चालला. तांबडी माती आणि जांभा दगड यांची ती वाट. जांभा सच्छिद्र आणि खरबरीत असतो, आणि मातीत नालाची कड रुतते. २००३ साली हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, आणि मोटारगाड्यांना तेथे असलेली बंदी कायम राहिली. माथेरानात आजही शेकडो घोडे आहेत आणि त्यांवर शेकडो कुटुंबे अवलंबून आहेत.

परंतु त्याच वाटेवर दुसरीही गरीब माणसे होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही. हातांनी रिक्षा ओढणारे मजूर चढावर माणसे ओढून नेत. त्यांची त्यातून सुटका व्हावी म्हणून विजेवर चालणाऱ्या रिक्षांची मागणी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश दिला. तो आदेश न्याय्य होता याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु रिक्षा म्हटली की चाक आले, आणि चाक आले की गुळगुळीत वाट आली. शिवाय मुसळधार पावसाने माती वाहून जाते, ही तक्रारही खरी आहे. म्हणून भाजलेल्या मातीचे ठोकळे बसविले गेले. त्यांवर घोडे घसरतात अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली, आणि तो वाद थेट दिल्लीपर्यंत गेला.

मी घोडेवाल्यांचा वकील नव्हे, आणि रिक्षावाल्यांचा तर मुळीच विरोधक नव्हे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला ओढले त्याला चाक मिळाले, याचा आनंदच मानला पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की, चाकासाठी वाट बदलताना खुराची वाट शेजारी राखता येते. रस्त्याच्या कडेने चार हात रुंदीचा तांबड्या मातीचा पट्टा सोडता येईल. उताराच्या जागी ठोकळ्यांऐवजी खरबरीत जांभा बसविता येईल. ठोकळे बसवावयाचेच असतील तर त्यांवर आडव्या खाचा ठेवता येतील, आणि पावसाळ्यात त्यांवरील शेवाळ वेळच्या वेळी खरवडता येईल. यांतले काय योग्य आणि काय नव्हे, हे माझ्यासारख्या पुस्तकी माणसाने सांगण्यापेक्षा तेथील नालबंदाने सांगावे. कामाचा आराखडा कागदावर असतानाच त्याला बोलावून विचारावे. रस्ता पुरा झाल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

आपल्या जुन्या कारभारात पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद नेमण्याची बुद्धी होती. कारण वाट कशी आहे हे घोड्याचा पाय मांडीवर घेणाऱ्या माणसाला आधी कळते, हे त्या कारभाऱ्यांनी जाणले होते. झिजलेल्या नालाकडे नुसते पाहून तो सांगू शकतो की, जनावर कोणत्या रस्त्याने चालत आले, पाय कोठे ओढले आणि कोठे सरकले. असा जाणता माणूस आज आपल्या किती समित्यांवर असतो?

श्रोतेहो, आपण माथेरानला किंवा महाबळेश्वरला जाल तेव्हा एक करून पाहा. घोड्यावर बसण्यापूर्वी घोडेवाल्याला त्याचा पाय उचलून दाखवावयास सांगा. नाल कधी ठोकला, कोणी ठोकला, आणि कोणत्या वाटेवर जनावर बिचकते, हे विचारा. मी मात्र त्या दिवशी घोडीचे नाव विचारावयाचे विसरलो. फरसबंदी संपून तांबडी माती लागली, तेव्हा ती मान हलवून सरळ चालू लागली होती आणि पाठीवरची मुलगी हसत होती, एवढे मात्र मला चांगले आठवते.